वडिलांचं घड्याळ: चालणारे भाग आणि बोलणारे भाग

मागच्या दोन व्याख्यानांत आपण कागदपत्रांबद्दल बोललो: बखरी, दप्तरं, पत्रव्यवहार. आज कागद बाजूला ठेवू. घराच्या कपाटात, जुन्या पाकिटांच्या आणि चष्म्याच्या डब्यांच्या मागे पडलेल्या एका वस्तूकडे इतिहासाचं साधन म्हणून बघू. वस्तू म्हणजे वडिलांचं मनगटी घड्याळ. श्रोत्यांपैकी अनेकांच्या घरी असं एखादं असेल. बंद पडलेलं, काच पिवळी झालेली, पट्टा तुटलेला. ते दुरुस्त करायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो: दुरुस्त म्हणजे नेमकं काय करायचं? चालू करायचं, की नव्यासारखं करायचं? या दोन गोष्टी एक नाहीत, आणि आजचं व्याख्यान त्या फरकाबद्दल आहे.

सुरुवात मनगटापासून करू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पुरुषाचं घड्याळ खिशात असे, साखळीला बांधलेलं. मनगटावर घड्याळ बांधणं हा युरोपात बायकांचा दागिना समजला जाई. हे बदललं ते युद्धामुळे. 1899 ते 1902 च्या बोअर युद्धात सैनिकांनी खिशातली घड्याळं चामड्याच्या वाटीत बसवून मनगटाला बांधली. पहिल्या महायुद्धात खंदकातून एकाच मिनिटाला हल्ला करायचा तर घड्याळ हाताशी हवं आणि अंधारात दिसायला हवं. युद्ध संपलं तेव्हा मनगटी घड्याळ मर्दानी झालेलं होतं.

हिंदुस्थानात हा बदल दोन वाटांनी आला. एक वाट व्यापाराची. फाव्र-ल्यूबा ही स्विस पेढी 1865 मध्येच मुंबईत आलेली होती. दुसरी वाट फौजेची. वेस्ट एंड वॉच कंपनी हे नाव स्वित्झर्लंडपेक्षा आपल्याकडेच जास्त माहीत होतं. तिच्या घड्याळांवर मुंबई आणि कलकत्ता ही नावं कोरलेली असत, आणि हिंदी फौजेत ती खूप वापरली गेली. तिच्या एका प्रसिद्ध घड्याळाचं नावच मुळी ‘सोवार प्रायमा’. सोवार म्हणजे आपला स्वार, घोडदळातला शिपाई. स्विस कारखान्यातल्या तबकडीवर आपल्या घोडदळातला शब्द छापला जातो, यात त्या काळाचा बराच इतिहास आला.

आता उदाहरण म्हणून आम्ही आमच्या घरचं घड्याळ घेतो, कारण त्याची माहिती आमच्याकडे पहिल्या हातची आहे. वेस्ट एंडचं, चावीचं, पंधरा खड्यांचं. वडिलांना लग्नात मिळालेलं, 1947 साली. वडील मुंबईत कारकून होते. घड्याळ त्यांच्या मनगटावर निवृत्तीपर्यंत होतं. त्यानंतर ते कपाटात गेलं. आम्ही ते गेल्या काही वर्षांत दुरुस्त करून घेतलं आणि आता वापरतो.

ते उघडण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. 1947 मध्ये मुंबईत हे घड्याळ लावायचं तर कुठल्या वेळेला लावायचं? हा प्रश्न आज विचित्र वाटतो. भारतीय प्रमाणवेळ 1 जानेवारी 1906 पासून सरकारी रीतीने लागू झाली, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. पण मुंबईची स्वतःची वेळ होती, ग्रिनिचच्या 4 तास 51 मिनिटं पुढे, म्हणजे प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागे. सूर्य मुंबईच्या डोक्यावर येईल तेव्हा मुंबईचे बारा. वंगभंगानंतरचा तो काळ; लोकांना ही प्रमाणवेळ म्हणजे सरकारने लादलेली आणखी एक गोष्ट वाटली. गिरणी कामगारांचीही तक्रार होती, कारण घड्याळ 39 मिनिटं पुढे गेलं म्हणजे तेवढं आधी, अंधारात, कामावर हजर व्हायचं. रेल्वे आणि सरकार प्रमाणवेळेवर गेले, महापालिकेने मात्र ‘मुंबई टाइम’ सोडला नाही. तो 1955 पर्यंत टिकला. म्हणजे स्वातंत्र्यानंतरही आठ वर्षं या शहरात दोन वेळा नांदत होत्या, आणि मनगटावर घड्याळ बांधणाऱ्याला कुठली वेळ आपली हे ठरवावं लागत होतं.

आता घड्याळ उघडू. तत्त्व साधं आहे. चावी दिली की डब्यातली मुख्य स्प्रिंग गुंडाळली जाते. ती सुटताना दातेरी चक्रांची माळ फिरवते. ही माळ मोकाट फिरू नये म्हणून शेवटी एक अडसर असतो, आणि त्या अडसराला ताल देणारं बॅलन्स व्हील, केसासारख्या बारीक स्प्रिंगवर डोलणारं. त्या काळातल्या बहुतेक मनगटी घड्याळांत हा ठोका तासाला 18,000 वेळा पडतो, सेकंदाला पाच. दिवसाचा हिशेब केला तर 4,32,000 ठोके. कलियुगाची वर्षंही पुराणांनी तेवढीच सांगितली आहेत! योगायोगच, पण श्रोत्यांना आकडा लक्षात राहावा म्हणून सांगितला. एवढ्या ठोक्यांत घड्याळ दिवसाला अर्धा मिनिट चुकलं तर चूक 2,880 भागांत एक झाली. पाऊणशे वर्षांच्या यंत्राला आणखी किती मार्क द्यायचे?

चक्रांचे बारीक दांडे ज्या भोकांत फिरतात तिथे माणकं बसवलेली असतात, म्हणजे ‘ज्वेल’. ही युक्ती लंडनमध्ये 1704 च्या सुमारास निघाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कृत्रिम माणकं कारखान्यात बनू लागली आणि खडे स्वस्त झाले. तेव्हा ‘पंधरा खड्यांचं घड्याळ’ म्हणजे पंधरा रत्नांची श्रीमंती नव्हे. त्या पंधरा जागा अशा, जिथे धातूवर धातू घासू नये.

बंद पडलेलं घड्याळ बहुधा मोडलेलं नसतं, सुकलेलं असतं. आतलं तेल काही वर्षांत घट्ट होतं, त्यात धूळ बसते. तशा अवस्थेत चावी देऊन चालवत राहिलं तर धूळ आणि तेल मिळून दांडे घासून टाकतात. म्हणून जुनं घड्याळ हाती आलं की आधी चावी देऊन बघण्याचा मोह टाळावा आणि घड्याळजीकडे जावं. तो सगळं सुटं करतो, धुतो, नवं तेल थेंबाथेंबाने सुईच्या टोकावरून देतो. मुख्य स्प्रिंग जुन्या पोलादाची असेल तर तिचा ताण गेलेला असतो, कधी ती तुटलेली असते. तिथे नवी बसवतात. पिवळी, तडकलेली काच बदलतात. इथवर कोणाचा वाद नाही.

वाद सुरू होतो तबकडीपाशी. घड्याळजी विचारतो, “तबकडी नवी करून देऊ का?” आपल्याकडे हा मोठा कसबाचा धंदा होता आणि आहे. जुनी तबकडी खरवडायची, रंग द्यायचा, आकडे आणि नाव पुन्हा छापायचं. जगभरचे घड्याळ जमवणारे अशा रंगवलेल्या आणि दहा घड्याळांचे भाग जोडून केलेल्या घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत. आम्हाला त्या हेटाळणीत थोडा अन्याय दिसतो. परदेशी घड्याळांच्या आयातीवर निर्बंध होते, सुटे भाग मिळत नसत, आणि गिऱ्हाइकाला चालणारं, नीटनेटकं घड्याळ हवं होतं. त्या गरजेतून हे कसब वाढलं. पण वारशाच्या घड्याळाला ते लागू करावं का, हा निराळा प्रश्न.

इथे आमचा मूळ विषय, तत्त्वज्ञान, मदतीला येतो. प्लुटार्कने थीसियसच्या जहाजाची गोष्ट सांगितली आहे. अथेन्सचे लोक जुनं जहाज जपत होते, कुजलेली फळी काढून नवी बसवत होते. सगळ्या फळ्या बदलल्यावर ते तेच जहाज का? सतराव्या शतकात हॉब्जने त्यात भर घातली: काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जमवून त्यांचं दुसरं जहाज बांधलं, तर थीसियसचं जहाज कोणतं? घड्याळजी काम झाल्यावर जुने भाग कागदाच्या पुडीत बांधून देतो ना, तेव्हा हॉब्जचा प्रश्न आपल्या तळहातावर असतो.

आपल्या परंपरेतही हा प्रश्न आहे. मिलिंद राजाला नागसेन रथाबद्दल विचारतो: चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? ‘रथ’ हे भागांच्या जुळणीला दिलेलं व्यवहारातलं नाव, असं बौद्ध उत्तर. न्याय-वैशेषिकांना ते मान्य नाही. त्यांच्या मते अवयवी ही अवयवांहून वेगळी, खरी वस्तू आहे. पण त्याची किंमतही ते मोजतात. कापडातला एक धागा काढला तर जुनं कापड नष्ट झालं आणि नवं निर्माण झालं, असं त्यांना म्हणावं लागतं. म्हणजे बौद्धांच्या हिशेबाने वडिलांचं घड्याळ हे फक्त एक नाव, आणि नैयायिकांच्या हिशेबाने पहिल्या स्प्रिंगबरोबरच ते संपलेलं!

दोन्ही उत्तरं विचारायला उत्तम, पण घड्याळजीच्या टेबलापाशी उपयोगी नाहीत. इतिहासाच्या अभ्यासकाने प्रश्न थोडा बदलून घ्यावा. ‘हे तेच घड्याळ का’ याऐवजी ‘या भागाचं काम काय’ असं विचारावं. घड्याळात काही भाग चालणारे असतात: स्प्रिंग, तेल, दांडे, काच. त्यांचं काम चालणं. ते झिजले की बदलावेत, त्यात बेइमानी नाही. काही भाग बोलणारे असतात: तबकडी, काटे, डबीवरचे ओरखडे, मागच्या झाकणाची कोरणी. त्यांचं काम साक्ष देणं. साक्षीदाराला नवे कपडे घालून हरकत नाही, पण त्याची जबानी बदलली तर तो साक्षीदार उरत नाही. 1964 च्या व्हेनिस सनदेत वास्तूंच्या जतनाचा एक नियम आहे: जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनर्बांधणी थांबली पाहिजे. तबकडी पुन्हा रंगवणं हा बहुतेक वेळा अंदाजच असतो.

बोलणारे भाग काय बोलतात, ते आमच्या घड्याळावर दाखवतो. मागचं झाकण उघडलं की आतल्या बाजूला सुईने कोरलेल्या बारीक खुणा दिसतात. घड्याळजींची ही जुनी पद्धत. दुरुस्ती केली की आपली खूण, कधी तारीख, आत कोरून ठेवायची, म्हणजे घड्याळ परत आलं तर ओळखू यावं. आमच्या झाकणात अशा चार खुणा आहेत. चार कारागीर, ज्यांची नावं कुठल्याच दप्तरात नाहीत. हे झाकण पॉलिश केलं असतं तर त्यांची एकुलती नोंद गेली असती.

तबकडीवरचे आकडे तपकिरी पडले आहेत. एके काळी ते अंधारात चमकत. तो रेडियमचा रंग. अमेरिकेत 1920 च्या दशकात हा रंग भरणाऱ्या कामगार मुली कुंचल्याला टोक आणण्यासाठी तो ओठांत धरत. मालक म्हणत, अपाय नाही. त्यातल्या अनेक जणी जबड्याच्या आणि हाडांच्या आजाराने गेल्या, आणि त्यांच्या न्यायालयीन लढ्याने कामगारांच्या सुरक्षिततेच्या कायद्यांना बळ दिलं. आकडे आता चमकत नाहीत म्हणून रेडियम संपलं असं समजू नका. चमकणारं रसायन थकलं. रेडियमचा अर्धा ऱ्हास व्हायला 1,600 वर्षं लागतात. पाऊणशे वर्षांत त्यातले शंभरातले जेमतेम तीन भाग कमी झाले. म्हणून अशी तबकडी खरवडणं इतिहासाच्या दृष्टीने वाईट आणि आरोग्याच्या दृष्टीने त्याहून वाईट. ती धूळ श्वासात जाते. काच बंद ठेवावी, घरी उघडू नये, आणि घड्याळजीला आधीच सांगून ठेवावं.

आता सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार. झाकणाच्या बाहेरच्या बाजूला वडिलांची आद्याक्षरं आणि लग्नाचं साल कोरलेलं आहे. घासून घासून पुसट झालेलं. पॉलिश करून साफ करता येईल, असं आम्हाला सुचवलं गेलं. आम्ही नको म्हटलं, आणि मग ते झाकण बराच वेळ बघत बसलो, कारण त्यावर काय नाही हेही दिसू लागलं. देणाऱ्याचं नाव तिथे नाही.

घरात हे घड्याळ ‘लग्नात मानाने मिळालेलं’ म्हणून ओळखलं जाई. आईच्या तोंडून मात्र आम्ही वेगळं ऐकलं. तिचे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. वरपक्षाने घड्याळाची अपेक्षा बोलून दाखवली होती, तीही विलायती घड्याळाची. आजोबांनी त्यासाठी सोसायटीचं कर्ज काढलं, आणि ते फिटायला दीड वर्ष लागलं. त्या लग्नात मुहूर्ताची वेळ घटिकापात्रावर मोजली गेली, पाण्यात बुडणाऱ्या वाटीवर, 24 मिनिटांची एक घटिका. आणि त्याच मांडवात नवरदेवाच्या मनगटावर स्विस घड्याळ बांधलं गेलं. दोन काळ एका मांडवात आले, आणि दोन्हींचा खर्च मुलीच्या बापाने केला.

हे आमच्याच घरचं नाही. घड्याळ, सायकल, रेडिओ ही त्रयी महाराष्ट्रातल्या किती लग्नांत होती ते ज्येष्ठ श्रोत्यांना आठवेल. नवरदेव जेवणाला बसताना रुसायचा, घड्याळ आल्यावर हसायचा. त्याला आपण गंमत म्हणायचो. आणि एक गोष्ट ध्यानात घ्या. 1961 मध्ये आपल्या संसदेने हुंडाबंदीचा कायदा केला. त्याच वर्षी बंगळूरला एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने घड्याळं बनवायला सुरुवात केली, आणि पहिली घड्याळं पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर आली. ‘जनता’ हे त्यातलं गाजलेलं नाव. स्वदेशी, परवडणारं, चावीचं घड्याळ. वेळ खऱ्या अर्थाने सामान्य माणसाच्या मनगटावर आली, ही त्या कारखान्याची थोर कामगिरी. पण कायद्याने जे थांबायला हवं होतं ते थांबलं नाही. अनेक मांडवांत स्विस घड्याळाच्या जागी एचएमटी आलं, एवढंच.

आणि आईचं मनगट? ते मोकळंच होतं. ज्या घड्याळाची सुरुवात युरोपात बायकांचा दागिना म्हणून झाली, ते आपल्या मध्यमवर्गात पुरुषाच्या नोकरीची खूण झालं. आईची वेळ नळाच्या पाण्याने, गिरणीच्या भोंग्याने आणि आमच्या शाळेने ठरत असे. वडील साडेनऊला बाहेर पडत ते घड्याळाच्या बळावर, असं आम्ही समजत होतो. खरं म्हणजे ते पडत होते डबा वेळेवर तयार असे म्हणून.

तेव्हा ‘वडिलांचं घड्याळ’ हे नाव अर्धंच खरं आहे. त्यात आजोबांचं कर्ज आहे, आईचं गप्प राहणं आहे, चार अनामिक घड्याळजी आहेत, दूर कुठल्या तरी कारखान्यात रंग भरणारे हात आहेत. पॉलिश केलेलं, नव्या तबकडीचं घड्याळ हे सगळं पुसून फक्त ‘वडिलांची आठवण’ एवढंच ठेवतं. आठवण हवी तशी घासता येते. इतिहासाला ती मुभा नाही, आणि घरचा इतिहास याला अपवाद नाही. वडिलांबद्दलचं प्रेम त्याने कमी होत नाही. ते अधिक प्रौढ होतं, एवढं म्हणू.

मग असं घड्याळ वापरावं की काचेच्या पेटीत ठेवावं? आमचं मत वापरावं. 1969 च्या अखेरीस सेइकोने पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं, आपल्याकडे 1984 मध्ये टायटन स्थापन झाली, आणि बॅटरीने चावीची सवय मोडली. 2016 मध्ये सरकारने एचएमटीचा घड्याळ व्यवसाय बंद करण्याचा निर्णय घेतला. आता सुटे भाग मिळतात ते बहुतेक दुसऱ्या मेलेल्या घड्याळांतून. चावीचं घड्याळ उघडणारे कारागीर म्हातारे होत आहेत आणि त्यांच्या टेबलाशी बसून शिकणारी मुलं कमी आहेत. काचेच्या पेटीतल्या घड्याळाला घड्याळजी लागत नाही. मनगटावरच्याला लागतो. वापरणारे राहिले तरच हे कसब राहील.

वापरायचं तर काही पथ्यं. रोज एकाच वेळी, सकाळी, घड्याळ हातातून काढून चावी द्या. अडलं की थांबा, जोर करू नका. पावसाळ्यात आणि घामाच्या दिवसांत ते घरी राहू द्या. या डब्या पाणी अडवत नाहीत, आणि आपल्या हवेत आतलं पोलाद लवकर गंजतं. मोबाइलच्या चुंबकी कव्हरपासून आणि स्पीकरपासून दूर ठेवा. घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे जाऊ लागलं तर बहुधा बारीक स्प्रिंगला चुंबकत्व लागलेलं असतं. घड्याळजी ते काही सेकंदांत काढून देतो. चार-पाच वर्षांनी धुऊन घ्या. बदललेले भाग पुडीत, तारीख लिहून, जपा. आणि घड्याळ कुठून आलं, कोणी पैसे दिले, कोणी वापरलं, हे एका कागदावर लिहून त्या पुडीबरोबर ठेवा. ज्यांना ते माहीत आहे त्यांना आजच विचारा. घरातल्या बायकांना आधी विचारा. पुरुषांना घड्याळाचं मॉडेल आठवतं, बायकांना त्याची किंमत.

हे घड्याळ आमच्या मुलीकडे जाणार आहे. तिने ते आताच घालून पाहिलं, पट्ट्याला एक भोक जास्त पाडावं लागेल. पट्टा चालणाऱ्या भागांत मोडतो, त्यामुळे काळजी नाही. पुढच्या वेळी आपण घरातल्या भांड्यांवर कोरलेल्या नावांबद्दल बोलू. येताना आपापल्या घरच्या एखाद्या पातेल्यावरचं नाव वाचून या.